पाठीवरचा ओला सदरा

वळवी बाई आमच्या खळ्यातल्या खोलीत राहायला आल्या तेव्हा मी तिसरीत होते. नंदुरबारकडे, कोरीटच्या पुढे, तापीच्या अंगाला आमचं गाव. शाळा गावातच होती, पण नव्या शिक्षिकेला खोली द्यायला कोणी तयार होईना. बाई खांडबाऱ्याकडच्या, डोंगरपट्टीतल्या, आणि त्यातून ख्रिस्ती. गावातले लोक तोंडावर नाही म्हणायचे नाहीत. खोलीत कडबा भरलाय म्हणायचे, पाहुणे येणारेत म्हणायचे. शेवटी माझ्या काकाने, नानाने, कोणाला न विचारता खळ्यातली खोली झाडली, पावसाळ्यात गळणारी दोन कौलं बदलली आणि बाईंची पत्र्याची पेटी स्वतः डोक्यावर घेऊन आला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला अडवलं नाही. मायने मात्र बाईंसाठी पाण्याचा तांब्या वेगळा काढून ठेवला. ते मला तेव्हा वावगं वाटलं नव्हतं. घरात जसं चालायचं तेच बरोबर, असं वाटण्याचं ते वय.

घरात आम्ही पाच माणसं. आबा, माय, नाना, काकू आणि मी. नाना-काकूंना मूल नव्हतं, त्यामुळे मी दोघींची लेक होते आणि दोन्ही ताटांत जेवायचे. नानाला सगळं घर अरे-तुरे करायचं, मीसुद्धा. तो होताच तसा. उंच, हाडापेराने मजबूत, हसला की खालचे दात दिसायचे. काकू बुटकी आणि गोरी, कमी बोलणारी. आबा तिचे जेठ, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून ती आबांशी एक अक्षर बोललेली नव्हती. आबा ओट्यावर असले की डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढून भिंतीच्या कडेने जायची, आणि काही सांगायचं झालं तर मायला सांगायची, माय आबांना सांगायची. कधी कधी तिघंही एकाच खोलीत असायची तरी निरोप असाच फिरून जायचा, आणि मला त्याचं फार हसू यायचं.

सकाळ व्हायची ती काकूच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर शेंगदाण्याची तिखट चटणी नाहीतर वांग्याचं भरीत. कढी-फुणके असले की नाना शेतातून लवकर यायचा. मिरची तोडायला लागली की ओटा, अंगण, पत्रे, सगळं लाल होऊन जायचं आणि घरातलं प्रत्येक माणूस बोलता बोलता खोकायचं. कपाशीच्या दिवसांत दुसरा एक आवाज असायचा. पाठीवरच्या फवारणीच्या पंपाचा दांडा खाली-वर होताना खटक खटक वाजायचा. दुपारी वारा पडला की दूरच्या शेतांतूनही तो ऐकू यायचा, आणि कुठला आवाज नानाचा हे मी ओळखायचे, कारण त्याच्या दांड्याला एक बारीक कुरकूर होती.

शाळेत तोवर आम्ही विज्ञान पाठ करायचो. प्रश्न फळ्यावर, उत्तर फळ्यावर, आणि त्याखाली रेघ. आमच्या घरी अहिराणीतलं 'शे' आणि शाळेत 'आहे'. त्यामुळे शाळेतली मराठी आम्हाला रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची, ऐकायची, पण आपल्या तोंडाची नाही. वळवी बाईंचंही तसंच होतं हे मला पुढे कळलं. त्यांच्या घरची बोली आणखीच निराळी. कधीतरी त्यांचा भाऊ भेटायला यायचा तेव्हा खळ्यातून ती बोली ऐकू यायची, एक शब्द कळायचा नाही. बाईही प्रमाण मराठी शिकूनच आल्या होत्या, म्हणून असेल, त्या फार जपून, एकेक शब्द ठेवल्यासारखं बोलायच्या. पण आठवडाभरातच त्या आम्हाला वर्गाबाहेर घेऊन जाऊ लागल्या. नाल्यावर नेलं, काचेच्या बरणीत पाणी भरलं, आणि त्यात कोण कोण राहतं ते बघा म्हणाल्या. बेडूकमासे होते, पाण्यावर पळणारे लांब पायांचे किडे होते, शेवाळ होतं. जे दिसेल ते आपल्या शब्दांत सांगा, म्हणाल्या. मग आम्ही अहिराणीत सांगायचो आणि त्या हसून मराठीत फळ्यावर लिहायच्या. पहिल्यांदाच आमच्या तोंडचं फळ्यावर गेलं.

नानाला या सगळ्याचं भारी कौतुक. तो स्वतः चौथीपर्यंत शिकलेला. संध्याकाळी हातपाय धुऊन ओट्यावर बसला की आधी मला हाक. "आज काय शिकनी व, बेटा?" मी सांगायचे आणि तो एखाद्या मोठ्या माणसाचं ऐकावं तसं ऐकायचा. एकदा बाईंनी माती बघायची ठरवली. शाळेच्या लिंबाखालची माती, उकिरड्याजवळची माती आणि एखाद्या कपाशीच्या शेतातली माती. शेत आमचंच सोयीचं होतं. नाना पावडं घेऊन हजर झाला आणि बाई सांगतील तिथे खणून द्यायला लागला. लिंबाखाली गांडुळं निघाली, उकिरड्याजवळ तर मुठीने निघाली, पोरं किंचाळत मागे पळाली. कपाशीत नानाने एका जागी खणलं, दुसऱ्या जागी खणलं, मग बांधाकडे सरकून आणखी खोल खणलं. काही निघालं नाही. बाई आमच्याकडे बघत राहिल्या. एका पोराने विचारलं, गांडुळं कुठे गेली? तेव्हा बाईंनी विचारलं की या शेतात आपण काय काय टाकतो. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, औषध.

त्या शब्दावर त्या थांबल्या. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात, आजही म्हणतात. दुकानात जाऊन कपाशीचं औषध द्या म्हणायचं. बाईंनी आम्हाला मातीच्या ढेकळांवर बसवलं आणि म्हणाल्या, "ताप आल्यावर घेतो ते औषध. जे पिऊन अळी मरते, त्याला आपण आजपासून विष म्हणू. नाव खरं ठेवलं की माणूस सांभाळून वागतो." नाना पावड्यावर हात ठेवून उभा होता. घरी आल्यावर त्याने मला काही विचारलं नाही. जेवताना काकूला म्हणाला की आपल्या वावरात एक गांडूळ नाही, आणि ते आपल्याला माहीतच नव्हतं.

त्यानंतरचा धडा लसणीचा. कातडीतून आत काही जातं का, हा प्रश्न होता. सगळे म्हणाले नाही जात. पाऊस पडतो तेव्हा पाणी आत जातं का? बाईंनी लसूण ठेचायला लावली. आमच्यापैकी काही जणांच्या तळपायांना ती चोळली आणि वरून खताच्या गोणीतल्या प्लास्टिकचे धुतलेले तुकडे पायाला बांधले, म्हणजे वास वर येऊ नये. हात साबणाने धुवायला लावले. मग पाढे म्हणवून घेतले. पाढे म्हणता म्हणता माझ्या जिभेवर काहीतरी आलं. मी शेजारणीकडे पाहिलं, ती माझ्याकडे पाहत होती. लसूण खाल्ली नव्हती, हाताला नव्हती, आणि तोंडात लसूण होती.

घरी जाऊन मी तेच नानाच्या पायांना केलं. काकू हसत होती, माय म्हणत होती की पोरीने लसणीचा नास केला. नाना पाय पुढे करून भिंतीला टेकून बसला. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मध्येच त्याने जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. चेहऱ्यावरचं हसू ओसरलं.

"पायले लायेल लसन तोंडमा कसा उना व?" तो हळूच म्हणाला.

मी बाईंचं वाक्य म्हणून दाखवलं, कातडी ही भिंत नाही, ती चाळणी आहे. नाना आपल्या हातांकडे पाहत बसला. ते हात मला लख्ख आठवतात. विष कालवायला काठी सापडली नाही तर तो हातच घालायचा. नखं पिवळी पडलेली, बोटांच्या बेचक्यांत सालं निघालेली. फवारताना अंगात फक्त बंडी, खाली धोतराचा काचा, पाय उघडे. उन्हात दुसरं काही अंगावर सोसायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो खळ्यात गेला आणि बाईंना विचारलं की मग आम्ही करावं काय. बाई म्हणाल्या, फवारणं बंद करा असं मी कसं सांगू, पण अंग झाका. हातभर बाह्यांचा सदरा घाला, तोंडाला फडकं बांधा, पायात काहीतरी घाला, वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नका. त्या माहीत होतं ते सगळं बोलल्या. काकूने जुन्या लुगड्याची तीन पदरी पट्टी शिवून दिली. बाजारातून आणलेला जाड मांजरपाटाचा सदरा त्याने त्याच कामासाठी वेगळा ठेवला. गाव हसलं. भाऊबंद म्हणायचे, नाना काय नवरदेव होऊन वावरात जातो का. काकूलाही पटत नव्हतं. इतक्या गरमीत जाड सदरा घालून माणूस घेरी येऊन पडेल, असं ती मायला सांगायची. नाना तिला म्हणाला, "बाई सांगतस ते खरं शे. मी सोता चाखेल शे."

परवा आमच्या शेजारच्या शेतात ड्रोन आला होता. बांधावर खुर्ची टाकून एक तरुण मुलगा तो चालवत होता, गावातली पोरं मोबाइलवर चित्रण करत होती. पाच-दहा मिनिटांत सगळी कपाशी फवारून झाली. माझ्या नातवाच्या पुस्तकात तर प्रदूषणावर आख्खं प्रकरण आहे, रंगीत, हातमोजे आणि चष्मा घातलेल्या शेतकऱ्याच्या चित्रासह. तो मला ते वाचून दाखवतो आणि मी ऐकते. छान लिहिलंय. मी त्याला या गोष्टीतलं अजून काही सांगितलेलं नाही. लहान आहे तो. मीही तेव्हा तेवढीच होते.

त्या वर्षी बोंडअळी फार आली. बोंडं फोडून बघावीत तर आत अळी. गावात घरटी फवारणी चालू होती, हवेला सतत एक गोडसर कडू वास. आम्ही मुली संध्याकाळी गुलाबाई मांडून टिपऱ्यांवर गाणी म्हणायचो, तर गाता गाता घसा धरायचा. तो शनिवार होता. शाळा सकाळची, मी घरी आले होते, बाई खळ्यातल्या दगडावर कपडे धूत होत्या. आबा बाजारातून नुकतेच येऊन ओट्यावर बसले होते. नाना सकाळपासून फवारत होता. दुपार व्हायच्या आधीच तो परत आला, पंप पाठीवरच होता. चालणं नेहमीचं नव्हतं, प्यायलेल्या माणसासारखा पाय टाकत होता, आणि तो पिणारा नव्हता. त्याने पंप उतरवला, ओट्याच्या कडेला बसला आणि काकूला म्हणाला, "डोयास्ले नीट दिसी नही ऱ्हायनं." घामाने तो निथळत होता. तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायला हात वर नेला तर हात थरथरून बाजूला गेला.

माणसं जमली. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं लिंबू पाजा, कोणी डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. मायने कांदा फोडून नाकाशी धरला. आबांनी एकाला जीप आणायला पिटाळलं. वळवी बाई ओल्या हातांनी धावत आल्या. त्यांनी नानाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या पाहिल्या, मग पंपाशेजारची बाटली उचलली. तिच्यावरचा कागद अर्धा निघालेला, अक्षरं बारीक, इंग्रजी. बाई ओठ हलवत ते वाचत होत्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी नानाच्या पाठीला हात लावला, आणि तो हात उचलून पाहिला.

पंपाचा खालचा जोड गळत होता. सकाळपासून आतलं विषाचं पाणी त्याच्या पाठीवरून खाली येत होतं, आणि त्या जाड सदऱ्याने ते सगळं पिऊन घेतलं होतं. पाठ, कंबर, बगला, सगळं चिंब. त्याला वाटलं असणार घाम आहे. किंवा कळलंही असेल, पण अंगात सदरा आहे, आता भीती नाही, असं वाटलं असेल. ते आता कोणाला विचारणार?

"सदरा काढा," बाई म्हणाल्या. "आधी सदरा काढा, अंग धुवा, साबणाने."

कोणी हललं नाही. परक्या जातीची बाई, भर अंगणात, घरच्या माणसाचे कपडे काढायला सांगत होती, आणि काहींना वाटलं लिंबूपाणी आधी द्यावं. बाईंनी वाट पाहिली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी सदऱ्याचा गळा धरला आणि खालपर्यंत फाडला. तेव्हा आबा ओट्यावरून उतरले आणि त्यांनी बाही ओढली. काकूने हंडा आणून ओतला. पाठीची कातडी लाल झाली होती, भाजल्यासारखी. जीप आली तोवर नानाचं बोलणं थांबलं होतं. त्याला नंदुरबारला नेताना मी दारात उभी होते. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, त्यानेही नाही, त्याला दिसतच नव्हतं.

दवाखान्यात दोन दिवस तो होता. डॉक्टरांनी पुष्कळ केलं असं आबा सांगायचे. तिसऱ्या दिवशी जीप परत आली ती सावकाश. गल्लीच्या तोंडाला तिचा वेग बघूनच माय भिंत धरून खाली बसली. काकू चुलीपाशी होती. तिने तव्यावरची भाकर उलटली, भाजून होऊ दिली, उतरवून ठेवली, आणि मग बाहेर आली. त्या वर्षी आमच्या गल्लीत गुलाबाईचं गाणं पुन्हा झालं नाही.

गावाने लवकरच ठरवलं की हे बाईंमुळे झालं. उघड्या अंगाने इतकी वर्षं सगळे फवारत आले, कोणाला काही झालं नाही; नानाने बाईंचं ऐकून सदरा घातला आणि गेला. बोलण्यात खोट काढता येत नव्हती, हे त्यातलं वाईट. भाऊबंद आबांकडे आले, तिला खोलीतून काढा म्हणाले, वर अर्ज देऊ म्हणाले. आबांनी एवढंच सांगितलं की खोली माझ्या भावाने दिली होती, ती मी परत घेणार नाही. पण पोरांना घराघरांतून ताकीद मिळाली. बाईंबरोबर वर्गाबाहेर जायचं नाही. तशी ताकीद द्यायची गरजही नव्हती, कारण बाईंनीच ते सोडलं होतं. त्या आता खुर्चीवर बसून पुस्तकातून वाचायच्या, आम्ही मागून म्हणायचो. नाल्यावरून आणलेली बरणी खिडकीत होती, तिच्यातलं पाणी हिरवं होऊन मग आटून गेलं. कोणी उचलली नाही.

नानाचे दिवस झाल्यावर एका दुपारी बाई काकूला भेटायला आल्या. काकू आतल्या खोलीत भिंतीशी बसलेली, मी तिच्या मांडीला टेकून. बाई उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. मायने त्यांना आत या म्हटलं, बसायला गोधडी घातली. बाई गोधडीच्या कडेला बसल्या. मग त्या म्हणाल्या, "मी झाका एवढंच सांगितलं. भिजलं तर लगेच काढा, हे मला माहीत नव्हतं. बाटली मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. न वाचताच शिकवलं मी." काकू त्यांच्याकडे पाहत राहिली. रडली नाही, रागावली नाही. बाईंनी बदली मागितल्याचं सांगितलं. बाई उठून दारापर्यंत गेल्या, तेव्हा मागून काकूचा आवाज आला.

"पोरेस्ले आर्धं सांगीसन जाऊ नका, बाई. जे राही गयं ते सांगी द्या. मंग जा."

मायने त्या दिवशी बाईंना पाणी दिलं ते घरच्याच तांब्यातून. इतक्या दिवसांनी, आणि अशा दिवशी.

बदलीचा कागद दिवाळीनंतर आला. शेवटच्या दिवशी बाईंनी वर्गात एका बादलीत कपड्यांची नीळ कालवली. आम्ही बसलो होतो आणि दारात काकू येऊन उभी राहिली. नाना गेल्यावर ती घराबाहेर पडली ती त्याच दिवशी पहिल्यांदा. डोक्यावर पदर, नजर खाली. पोरांनी सरकून जागा दिली आणि ती आमच्यात, सतरंजीवर बसली. बाईंनी प्रत्येकाच्या एका हाताला कोरडं फडकं गुंडाळलं आणि दुसऱ्या हाताला निळीत भिजवलेलं. कोरड्यावर वरून निळीचे चार थेंब टाकले. मग त्या काकूसमोर येऊन थांबल्या. काकूने आपण होऊन दोन्ही हात पुढे केले. बांगड्या फोडताना लागलेल्या काचांचे व्रण मनगटावर अजून होते. बाईंनी ते व्रण टाळून, जपून, फडकी बांधली.

थोड्या वेळाने सोडली. कोरड्या फडक्याखालचे हात स्वच्छ होते. ओल्या फडक्याखालचे कोपरापर्यंत निळे. बाई म्हणाल्या, कोरडा सदरा वाचवतो. भिजला की तोच सदरा विष धरून ठेवतो, अंगाला चिकटवून ठेवतो. भिजला की काढायचा, अंग धुवायचं, दुसरा घालायचा, काम कितीही राहिलेलं असो. पंप भरायच्या आधी साध्या पाण्याने भरून बघायचा, गळतो का. आणि बाटलीवर काय लिहिलंय ते वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला विचारायचं. एवढं बोलून त्यांनी फळा पुसला, खरं म्हणजे फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. काकू आपला निळा हात उलटसुलट करून पाहत होती. संध्याकाळी आबांनी स्वतः बैलगाडी जुंपली आणि बाईंची पेटी फाट्यावर नेऊन एसटीत चढवली. बाई आमच्याकडे पुन्हा आल्या नाहीत. खांडबाऱ्याला मी पुढे कितीदा गेले, रेल्वे फाटकाजवळ गाडी थांबली की गर्दीत पाहते. आता त्या असतील की नाही कोण जाणे.

पुढच्या हंगामात फवारणीची वेळ आली. आबांनी ठरवलं होतं की आपल्या घरातलं माणूस पुन्हा पंप पाठीवर घेणार नाही. त्यांनी अक्कलकुव्याकडून डोंगरातले मजूर आणले. माणसं उमदी, उघड्या अंगाची, आमची बोली त्यांना जेमतेम कळायची. सकाळी आबा त्यांना ओट्यापुढे उभं करून काम सांगत होते. काकू आतून आली. भिंतीच्या कडेने गेली नाही. अंगणाच्या मधोमध येऊन थांबली, पदर डोक्यावर होता पण तोंड उघडं, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा आबांशी सरळ बोलली.

"आपला घरना माणूस नको, मंग दुसराना घरना चालस का?"

आबा खाली बघत राहिले. कपाशी तर उभी होती. अळी थांबणार नव्हती. फवारणी झालीच. पण त्या दिवशी काकू मजुरांच्या मागोमाग वावरात गेली, मला हाताला धरून. डोक्यावर पाण्याचा हंडा, काखेत एक गाठोडं. बांधावर तिने पंप आधी साध्या पाण्याने भरायला लावले आणि प्रत्येकाच्या तळाशी हात लावून पाहिला. एक गळत होता, तो बाजूला काढला. मग गाठोडं सोडलं. त्यात नानाचे सदरे होते, सगळे, धुऊन घडी घातलेले, लग्नातलासुद्धा. ते तिने अजून कोणाला दिले नव्हते. बोली कळत नसल्याने ती खुणांनी सांगत होती. हा घाल, भिजला की इथे ये, हा काढ, इथे अंग धू, हा दुसरा घाल. मजूर संकोचले, एकमेकांकडे बघून हसले, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते घातले. पुढची कित्येक वर्षं ती हे करत राहिली. सदरे फाटले तेव्हा तिने नवे शिवले. गावात काही जण तिला वेडी म्हणायचे आणि काही जण, फार थोडे, आपल्याही बांधावर हंडा ठेवू लागले.

त्या पहिल्या दिवशीच्या मजुरांत एक उंच माणूस होता, नानासारखाच हाडापेराने मजबूत. त्याच्या वाट्याला लग्नातला पांढरा सदरा आला. पंप पाठीवर घेऊन तो कपाशीच्या तासात शिरला, दांडा खाली-वर करू लागला, आणि आमच्याकडे पाठ करून पुढे पुढे जात राहिला. काकू बांधावर बसली होती, गुडघ्यांभोवती हात घालून. मी काहीतरी विचारलं, तिने ऐकलं नाही. तो तासाच्या पार शेवटाला पोहोचेपर्यंत ती त्या पाठीकडे एकटक बघत होती. शेवटाला जाऊन तो वळला, त्याचं तोंड आमच्याकडे झालं, आणि काकूने मान खाली घातली.